मासा मागितला तर

लेकराने मासा मागावा आणि बापाने त्याच्या ताटात साप वाढावा, असे कोणत्याही घरात घडत नाही. या साध्या अनुभवाच्या आधारे प्रभू येशूने स्वर्गीय पित्याच्या ममतेची खूण आपल्याला पटवून दिली. संत मत्तय आणि संत लूक या दोघांनीही हा दाखला नोंदवला आहे. गालील सरोवराच्या काठी जाळी विणणाऱ्या कोळ्यांना तो चटकन उमगला असणार. मासा कोणता आणि साप कोणता, हे त्यांना अंधारात नुसत्या हातानेही कळत होते. त्या दाखल्याचे सारे बळ एका गृहीतावर उभे आहे. आपण काय देत आहोत हे देणाऱ्याला दिसते, हे ते गृहीत होय.

आज आम्हांला जो प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे, तो नेमका या गृहीताविषयीचा आहे. साप माशाच्या शेजारी नसून माशाच्या आतच असेल, तो डोळ्यांना दिसत नसेल, जिभेला लागत नसेल, आणि तो तेथे जाऊन बसण्यात वाढणाऱ्याचाही कणभर हात असेल, तर त्या बापाला काय म्हणावे? त्याला निर्दोष मानावे की अपराधी? आणि तो अपराधी असेल, तर त्याने आपल्या पापनिवेदनात नेमके काय सांगावे?

हा प्रश्न आम्हांला एखाद्या ग्रंथात सापडला नाही. तो आमच्याच घरात, एका फुटलेल्या थर्मामीटरपासून सुरू झाला. आम्ही भुकूमला राहतो. पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, डोंगरांच्या कुशीतले हे गाव. येथल्याच खाटपेवाडीच्या परिसरात राम नदीचा उगम आहे. भूगाव, बावधन, पाषाण अशी वाट काढीत ती मुळेला जाऊन मिळते. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या तापाने फणफणलेल्या मुलाच्या हातून थर्मामीटर निसटला आणि फरशीवर पाऱ्याचे मणी विखुरले. मुलांना मोठी मौज वाटली. दोन मणी जवळ ढकलले की त्यांचा एक होतो, बोट लावले की त्याचे पुन्हा चार होतात! आम्ही त्यांना दटावून बाजूला केले, ते सारे मणी एका कागदावर गोळा केले आणि घरामागच्या ओढ्यात तो कागद झटकून आलो. ओढा भरून वाहत होता. पुढे तो राम नदीलाच मिळतो.

त्या कृतीत दुष्टपणा नव्हता. उलट, घरात विष नको, मुलांच्या अंगाला ते लागू नये, अशा मायेपोटीच आम्ही ते केले. परंतु आज मागे वळून पाहताना हीच गोष्ट आम्हांला अधिक बोचते. आमच्या लेकरांच्या काळजीने आम्ही ते विष दुसऱ्या कुणाच्या तरी लेकरांच्या दिशेने वाहते केले. राम नदी मुळेला मिळते, मुळा मुठेला, त्या दोघी भीमेला, आणि भीमा उजनीच्या अफाट जलाशयात जाऊन थांबते. त्या जलाशयातली मासळी भिगवण आणि इंदापूरच्या बाजारांतून पुण्याकडे येते. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करून आपण भक्तिभावाने जो मासळीचा घास घेतो, तो कधी कधी तिथूनच आलेला असतो. आपण खाली सोडलेले पाणी मासळीच्या टोपलीतून पुन्हा वर, आपल्याच दारी येते.

थर्मामीटरमध्ये पारा असतो तो एक ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा पाऱ्याचे काय एवढे कौतुक, असे वाचकांना वाटेल. पाऱ्याचा स्वभाव जाणून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. धातुरूपातला पारा चुकून गिळला गेला तर त्यातला बहुतेक भाग शरीर तसाच बाहेर टाकते. त्याची वाफ श्वासातून जाणे मात्र घातक असते. परंतु हाच पारा तळ्याच्या वा खाडीच्या गाळात जाऊन बसला, की प्राणवायूविना जगणारे काही सूक्ष्म जीवाणू त्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात. हा मिथिल पारा सजीवांच्या मांसात मुरतो आणि लवकर बाहेर पडत नाही. तो शेवाळात शिरतो. शेवाळ खाणाऱ्या किड्यांत थोडा अधिक साठतो. किडे खाणाऱ्या लहान माशांत त्याहून अधिक. आणि लहान मासे खाऊन वर्षानुवर्षे जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशात त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्यातील प्रमाणाच्या दहा लाख पटींवरही जाऊ शकते. त्या तळ्याचे पाणी प्यावे तर बाधत नाही. त्याच तळ्यातला मोठा मासा नेमाने खावा, तर मेंदू आणि मज्जातंतू बाधतात. सर्वांत अधिक धोका असतो तो आईच्या उदरातल्या, अजून जगाचा प्रकाशही न पाहिलेल्या बालकाला.

आता आपण थोडे दूर जाऊ. पृथ्वीच्या उत्तरेला, कॅनडा, स्कँडिनेव्हिया, सायबेरिया या थंड मुलखांत लक्षावधी तळी आहेत. त्यांच्या काठी ना कारखाना ना शहर. वर्षातले कित्येक महिने त्यांवर बर्फाचा थर असतो. मनुष्याने न विटाळलेले पाणी पाहायचे असेल तर ते तेथेच, असे कुणालाही वाटावे. तरीही त्यांपैकी अनेक तळ्यांतल्या मोठ्या माशांत पारा आढळतो, आणि कोणता मासा किती खावा याच्या सूचना तेथील शासनाला काढाव्या लागतात. थंड पाण्यातला मासा सावकाश वाढतो आणि दीर्घकाळ जगतो. लेक ट्राउट नावाचा मासा तीस-चाळीस वर्षेही जगू शकतो. तेवढी सारी वर्षे तो आपल्या भक्ष्यातला पारा अंगी साठवीत राहतो.

हा पारा तेथे गेला कसा? त्यातला काही निसर्गाचाच आहे. ज्वालामुखींतून आणि खडकांतून तो सुटतच असतो. परंतु मोठा वाटा मनुष्याच्या धुराचा आहे. दगडी कोळशात पाऱ्याचा अंश असतो. कोळसा जळला की तो वाफेच्या रूपाने हवेत जातो, महिनोन् महिने वाऱ्यावर तरंगत समुद्र आणि खंड ओलांडतो आणि कोठेतरी पावसाबरोबर, हिमाबरोबर खाली उतरतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ सालच्या अहवालानुसार, २०१५ या एका वर्षात मनुष्याच्या उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. सर्वांत मोठा वाटा लहान प्रमाणावर चालणाऱ्या सोन्याच्या खाणकामाचा होता, आणि त्याखालोखाल, सुमारे पाचवा हिस्सा, कोळशाच्या भट्ट्यांचा.

आणि येथेच या प्रकरणातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट येते. ज्या धुराड्यातून पारा निघतो, त्याच धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडही निघतो आणि पृथ्वी तापवतो. एकाच आगीची ही दोन अपत्ये निरनिराळ्या वाटांनी प्रवास करून त्याच उत्तरेकडच्या तळ्यात पुन्हा एकत्र येतात. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने तापत आहे. तळ्यावरचा बर्फ उशिरा धरतो आणि लवकर वितळतो. उन्हाळ्यात वरचे उबदार पाणी आणि तळाचे गार पाणी यांची सरमिसळ दीर्घकाळ होत नाही; तळाशी प्राणवायू कमी पडतो, आणि पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करणाऱ्या जीवाणूंना नेमके तेच हवे असते. हजारो वर्षे गोठून राहिलेली जमीन वितळू लागते आणि तिच्यात अडकून पडलेला पारा झऱ्यांवाटे तळ्यात येतो. ऊब वाढली की माशाची भूकही वाढते. तो अधिक खातो आणि अधिक पारा घेतो. हे गणित प्रत्येक तळ्यात सारखे नसते. काही ठिकाणी मासा लवकर वाढल्याने त्याच्या मांसातला पारा विरळही होतो. परंतु एकूण चिंता रास्त आहे. वरून विष येत आहे, आणि त्या विषाला पचवून गाळात स्वस्थ झोपवून ठेवण्याची तळ्याची शक्ती आपणच उबेने खच्ची करीत आहोत.

त्या तळ्यांच्या काठी माणसे राहतात. मासा हे त्यांचे केवळ रुचिपालटाचे अन्न नव्हे. तो त्यांचा रोजचा घास आहे, धंदा आहे, पूर्वजांचा वारसा आहे. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांताच्या वायव्येस ग्रासी नॅरोज नावाची ओजिब्वे आदिवासींची वसाहत आहे. त्यांच्या नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन येथे कागदाचा कारखाना होता. १९६२ ते १९७० या काळात त्याच्या रसायन विभागातून सुमारे नऊ हजार किलो पारा नदीत सोडला गेला. १९७० साली शासनाने मासेमारीचा व्यवसाय बंद केला. एका फटक्यात लोकांचे अन्न गेले, रोजगार गेला आणि मुलाला नदीवर नेऊन जाळे टाकायला शिकवण्याचा बापाचा अधिकारही गेला. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या नदीच्या गाळातला पारा अद्याप निवळलेला नाही. ‘मासा खाऊ नका’ हा सल्ला वैद्यकाच्या दृष्टीने बरोबर असेल. परंतु ज्यांनी विष ओतले नाही त्यांनाच ताट सोडून उठायला सांगणे, हा दुसरा अन्याय नव्हे काय?

हे सारे परक्या मुलखातले, असे समजून आपण सुटकेचा निःश्वास टाकू शकत नाही. आपल्याकडे थंड हवेच्या कोडाइकनालचे उदाहरण आहे. तेथील सुंदर तळे १८६३ साली बांधले गेले. शेंबागनूरच्या येशूसंघीय विद्यालयामुळे आपल्या अनेक धर्मगुरूंच्या आठवणी त्या डोंगराशी निगडित आहेत. अमेरिकेतील वॉटरटाउन येथून थर्मामीटरचा एक जुना कारखाना १९८०च्या दशकात या डोंगरावर आणला गेला. हिंदुस्थान लिव्हरच्या मालकीचा हा कारखाना २००१ साली बंद पडला, कारण पाऱ्याने माखलेल्या फुटक्या काचांचा ढीग गावातल्या भंगाराच्या आवारात उघड्यावर सापडला. पुढे शास्त्रज्ञांनी कोडाइच्या तळ्यातले पाणी, गाळ आणि मासे तपासले, तेव्हा तिन्हींत पारा आढळला. आजारी पडलेल्या कामगारांशी कंपनीचा समझोता झाला तो २०१६ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी.

आणि आपल्या महाराष्ट्रात? आमच्या मुळेप्रमाणेच सह्याद्रीच्या माथ्यावर जन्मलेली उल्हास नदी पश्चिमेला उतरते. कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ती वसईच्या खाडीतून सागराला मिळते. कल्याणच्या परिसरात कॉस्टिक सोडा तयार करताना पारा वापरण्याची जुनी पद्धत अनेक वर्षे चालू होती. त्या पाण्यामुळे उल्हासच्या खाडीतल्या गाळात पारा साठल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ही पद्धत देशातून मागे पडली आहे, हे खरे. परंतु गाळ इतक्या लवकर विसरत नाही. त्या खाडीच्या मुखाशी आपलीच धर्मग्रामे आहेत. आपल्याच बांधवांच्या होड्या तेथून निघतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यात पापी कोण? उत्तरेकडच्या एखाद्या आदिवासी मातेच्या उदरातील बालकाला पाऱ्याची बाधा झाली, तर तिने कुणाकडे बोट दाखवावे? चंद्रपूरच्या वा कोराडीच्या वीजकेंद्राकडे? चीनमधल्या भट्टीकडे? की भुकूममधल्या आमच्या घरातल्या दिव्याकडे? आपल्या देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून येते. तेव्हा आमचा दिवाही त्या धुराशी बांधलेला आहेच. कोणत्याही न्यायालयात ही साखळी सिद्ध करता येणार नाही. म्हणूनच हा प्रश्न न्यायालयाचा न राहता सदसद्विवेकबुद्धीचा होतो. आणि सदसद्विवेकबुद्धीपुढे उभे राहताना आपण सहसा तीन सबबी पुढे करतो.

पहिली सबब अशी की, आम्हांला माहीत नव्हते. ही सबब खोटी नाही. नीतिशास्त्राने अज्ञानाचे दोन प्रकार मानले आहेत. एक अटळ अज्ञान. मनुष्याने प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही जे दूर होत नाही ते. अशा अज्ञानातून घडलेल्या कृतीचे पाप लागत नाही. दुसरे टाळता येण्याजोगे अज्ञान. जे कळू शकले असते, कळून घ्यायला हवे होते, परंतु आळसाने वा सोयीने आपण ज्याच्याकडे पाठ फिरवली ते. संत थॉमस अक्वायनसच्या मते, जे जाणणे आपले कर्तव्य आहे त्याविषयीची हयगय हेच एक पाप ठरते. ओढ्यात पारा झटकला त्या दिवशी आमचे अज्ञान पहिल्या प्रकारचे होते की दुसऱ्या, यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. पारा विषारी आहे हे आम्हांला ठाऊक होते, म्हणून तर मुलांना दटावले. ओढा नदीला मिळतो हेही ठाऊक होते. या दोन माहितींची आम्ही केवळ गाठ मारली नाही. ती गाठ मारली असती, तर गैरसोय झाली असती.

जपानमधील मिनामाता या गावाची कथा या सबबीवर प्रखर प्रकाश टाकते. तेथे मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांत हातपाय वाकडे करणारा, वाचा आणि दृष्टी हिरावणारा रोग पसरला. १ मे १९५६ रोजी त्याची अधिकृत नोंद झाली. ती नोंद करवणारे डॉ. हाजिमे होसोकावा हे चिस्सो या रसायन कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख होते. १९५९ साली त्यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. प्रयोगातले ते चारशेवे मांजर. त्यालाही तोच रोग जडला. कारखान्याने प्रयोग थांबवले, निष्कर्ष दडपला आणि पाऱ्याचे सांडपाणी पुढे १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिले. डॉक्टर गप्प राहिले. १९७० साली रुग्णशय्येवरून त्यांनी न्यायालयाला साक्ष दिली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. दरम्यानच्या काळात त्या गावात जन्मतःच पंगू बालके जन्माला आली. आईची वार गर्भाला विषापासून राखते, अशी तोवर वैद्यकाचीही समजूत होती. मिनामाताच्या बालकांनी ती खोटी ठरवली. डॉ. होसोकावांना दुष्ट म्हणणे आम्हांला जमत नाही. ते सज्जन होते. रोगाची नोंद त्यांनीच केली होती आणि अखेरीस सत्यही त्यांनीच सांगितले. परंतु जाणणे आणि बोलणे यांमध्ये अकरा वर्षे गेली. त्या अकरा वर्षांत जी लेकरे जन्मली, त्यांचा हिशेब कुणी द्यावा?

दुसरी सबब अशी की, आमचा वाटा अगदी क्षुल्लक आहे. एक दिवा, एक थर्मामीटर, एक ग्रॅम. येथे पाऱ्याचाच धडा आपल्याला उत्तर देतो. तळ्याच्या पाण्यातही तो क्षुल्लकच असतो. विष होते ते साठण्याने, एकावर एक थर चढण्याने. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ सालच्या समेट आणि प्रायश्चित्तावरील आपल्या प्रबोधनपत्रात सामाजिक पापाविषयी हेच सांगितले आहे. समाजाच्या रचनेतले पाप कुठून तरी आकाशातून पडत नाही. अनेक व्यक्तींची पापे साचून, घट्ट होऊन ते तयार होते. त्यात दुष्कृत्य करणारे असतात, त्याचा लाभ घेणारे असतात, आणि ते टाळणे शक्य असूनही आळसाने, भयाने वा बेफिकिरीने गप्प बसणारेही असतात. पवित्र मिस्साच्या आरंभी आपण केवळ कृतीच्या पापांची नव्हे, तर कर्तव्य टाळल्याच्या पापांचीही कबुली देतो, ती याच कारणास्तव. शेवटच्या न्यायाच्या दिवसाचे जे वर्णन संत मत्तयाने केले आहे, त्यात डाव्या हाताचे लोकही नेमकी हीच सबब सांगतात. भुकेला प्रभू आम्ही पाहिलाच नव्हता, असे ते म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांनी खरोखरच पाहिले नव्हते. आणि न पाहणे हाच तर त्यांचा अपराध होता.

तिसरी सबब सर्वांत वजनदार आहे. आम्हांला वीज हवीच ना? ज्या घरात आजवर अंधार होता, त्या घरात दिवा लागणे हेही पुण्यच नव्हे काय? आम्ही हे पूर्णपणे मान्य करतो. रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा असावा, विद्यार्थ्याच्या वहीवर उजेड पडावा, यात पाप शोधणारी नीती क्रूर ठरेल. आणि शंभर-दीडशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या राष्ट्रांनी आपल्याला उपदेश करावा, यातला ढोंगीपणाही उघड आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात उत्तरेकडच्या श्रीमंत राष्ट्रांवर दक्षिणेचे पर्यावरणीय ऋण आहे असे स्पष्ट सांगितले, आणि त्या ऋणाची उदाहरणे देताना सोन्याच्या खाणींतल्या पाऱ्याचा नावानिशी उल्लेख केला.

परंतु आमच्या मुळशीने एक गोष्ट आम्हांला शिकवली आहे. १९२१ साली येथील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झाले, गावे बुडाली आणि मुंबईला वीज मिळाली. उजेड एकीकडे पडला, त्याची किंमत दुसरीकडे मोजली गेली. आणि ज्यांनी ती मोजली त्यांना विचारले गेले नव्हते. दिवा लावावा की नाही, हा खरा प्रश्न नाहीच. त्याची किंमत कोण मोजतो, आणि आपल्याला ती मोजणाऱ्याचे तोंड पाहण्याचे धैर्य आहे काय, हा खरा प्रश्न आहे. बाळंतिणीच्या खोलीतला दिवा आणि पौड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांत रात्रभर जळणारी रोषणाई यांना एकाच ‘गरज’ या शब्दात बसवणे हा स्वतःशी केलेला खोटेपणा आहे. गरिबाच्या गरजेआड आपली चैन लपवण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे.

मग करावे काय? आम्ही एका वृद्ध धर्मगुरूंना हीच गोष्ट विचारली होती. “फादर, त्या पाऱ्याबद्दल पापनिवेदनात काय सांगावे?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पारा किती होता ते सांगू नका. कळल्यानंतर तुम्ही काय केलेत, ते सांगा.” या उत्तराने आम्ही थोडे ओशाळलो, कारण तोवर आम्ही केवळ हळहळलो होतो. हळहळ म्हणजे पश्चात्ताप नव्हे. जक्कयाने प्रभूपुढे नुसते डोळे पुसले नाहीत. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देईन असे तो म्हणाला. भरपाईची तयारी नसलेला पश्चात्ताप अपुराच राहतो.

भरपाई शक्य आहे काय? विज्ञानाचे याबाबतचे उत्तर आशादायक आहे. ग्रासी नॅरोज ज्या भागात आहे, त्याच भागात कॅनडाने प्रयोगासाठी राखून ठेवलेली काही तळी आहेत. तेथील ६५८ क्रमांकाच्या तळ्यात आणि त्याच्या पाणलोटात २००१ पासून सात वर्षे शास्त्रज्ञांनी ओळखता येईल असा खुणेचा पारा अत्यल्प प्रमाणात सोडला. मग तो थांबवला आणि पुढे आठ वर्षे माशांची तपासणी केली. २०२१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. वरून येणारा पारा थांबताच माशांतला तो पारा थोड्याच वर्षांत झपाट्याने उतरला होता. तळे क्षमाशील आहे. आपण हात आवरला, तर ते सावरते. परंतु पृथ्वी जितकी तापेल तितकी ही क्षमाशीलता उणावत जाईल, कारण मग वरचा पारा थांबला तरी गाळातला आणि वितळत्या जमिनीतला जुना पारा जागा होत राहील. प्रायश्चित्ताला जेवढा उशीर, तेवढे ते महाग.

काही पावले पडली आहेत. मिनामाताचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला आणि २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील पाऱ्याला प्रथमच मर्यादा घातली. अशा मर्यादा पाळण्यासाठी यंत्रे बसवावी लागतात. यंत्रांना पैसा लागतो. तो पैसा अखेर विजेच्या बिलात येतो. आमच्या मते, आपल्या धर्मनिष्ठेची परीक्षा येथे आहे. उद्या बिल थोडे वाढले आणि ते स्वच्छ धुरासाठी वाढले असेल, तर आपण मोर्चा काढू की ते प्रायश्चित्त म्हणून सोसू? ज्यांना ते सोसणे अशक्य आहे, त्यांचा भार आपण उचलू काय?

मासळी सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती उत्तम अन्न आहे आणि आपल्या बांधवांची भाकरी तिच्यावर आहे. मांदेली, तारली, बांगडा यांसारखी लहान मासळी निर्धास्त खावी. मुशीसारखे मोठे शिकारी मासे गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना बेताने द्यावेत, एवढेच पथ्य. परंतु धर्मग्रामाच्या पातळीवर काही सहज करता येण्यासारखे आहे. जुने थर्मामीटर, जळालेल्या ट्यूबलाइट, पारा असलेले छोटे दिवे हे कचऱ्यात वा ओढ्यात न टाकता मंदिराच्या आवारात वर्षातून एकदा गोळा करावेत आणि अधिकृत संकलन केंद्राकडे सोपवावेत. प्रायश्चित्तकाळातल्या आत्मपरीक्षणात एक प्रश्न आणखी घालावा. माझ्या सोयीची किंमत कुणी मोजली, हे मी कधी विचारले काय?

आमच्या माळ्यावर आता एक पत्र्याचा डबा आहे. त्यात जुने दिवे आणि उरलेला एक काचेचा थर्मामीटर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. डबा भरला की तो पुण्याला पोहोचवायचा, असे घरात ठरले आहे. ओढ्यात गेलेला तो एक ग्रॅम पारा त्याने परत येणार नाही, हे आम्ही जाणतो. परवाच्या शुक्रवारी जेवताना मुलाने, आता तो मोठा झाला आहे, ताटातल्या माशाकडे पाहून विचारले, “हा कुठला?” पूर्वी आम्ही नुसते “बाजारातला” म्हटले असते. या वेळी आम्हांला राम नदीपासून उजनीपर्यंत सारे सांगावे लागले, आणि त्या पावसाळ्यातला कागदही. आपल्या पित्याने काय केले, हे मुलाला सांगणे सोपे नव्हते. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग आम्ही भोजनाआधीची प्रार्थना म्हटली, आणि ज्यांच्या ताटातला मासा आपल्यामुळे विषारी झाला असेल, त्यांनाही तीत आठवले.